बाकीचे तिघे

भाची चार दिवस राहायला आली होती, त्यातली ही दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी एक जुनं व्हिडिओ रेकॉर्डिंग नवीन फॉरमॅटमध्ये बदलायला लावलं होतं आणि ते कुठवर आलंय हे बघता बघता एचटॉप उघडून बसलो होतो, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरवर, त्यातल्या प्रत्येक डोक्यावर, किती काम आहे ते एकेका पट्टीने दाखवणारा प्रोग्रॅम, काही कारण नाही, लिफ्टचं बटण एकदा दाबून झालं तरी परत परत दाबतो ना आपण, त्यातला प्रकार. ती मागे उभी, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून, त्यामुळे ती बोलली की खुर्ची हलायची. स्क्रीनवर सगळ्यात वर एक पट्टी, हिरवी, डावीकडून उजवीकडे गच्च भरलेली, टोकाला शंभर टक्के. तिने बराच वेळ ते बघितलं आणि विचारलं, "मामा, तुझ्या कंप्युटरला एकच कोअर आहे का रे?" मी म्हटलं, छे, चार आहेत. "मग बाकीचे तिघे कुठायत?"

मी म्हणालो, असतात आत, दिसत नाहीत.

ती "बरं" म्हणून निघून गेली. त्या "बरं"ने माझी झोप उडाली असं म्हटलं तर जरा नाटकी होईल, पण रात्री पडल्या पडल्या डोळ्यांसमोर ती एकच पट्टी येत होती हे खरं. कारण ती पट्टी मी काही पहिल्यांदा बघत नव्हतो. तीन वर्षं, कदाचित थोडं जास्तच, मशीन अडकल्यासारखं वाटलं की मी एचटॉप उघडायचो, त्या पट्टीकडे बघून "हं, लोड आहे" म्हणायचो आणि बंद करायचो. दुसऱ्यांच्या मशीनवर आठ-आठ सोळा-सोळा पट्ट्या एकाखाली एक नाचताना बघितल्यात, त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगितलाय, आणि घरी येऊन आपल्या एका पट्टीसमोर गपचूप बसलोय. वर पुन्हा ओळखीच्या लोकांत लिनक्सचं काही अडलं की फोन मलाच येतो. पाचवीतल्या पोरीला जे अर्ध्या मिनिटात दिसलं ते मला तीन वर्षांत का दिसलं नाही याचं उत्तर त्या रात्री तरी माझ्याकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी अजूनही मनात म्हणत होतो की काहीतरी डिस्प्लेचं सेटिंग असेल.

सकाळी सगळ्यात आधी टर्मिनल उघडून एनप्रॉक मारलं. ही कमांड फार कमी बोलते, एक आकडा देते आणि गप्प. तिने १ दिला. मी लगेच स्वतःचं वकीलपत्र घेतलं, की एनप्रॉक काही मशीनमधले कोअर मोजत नाही, आत्ताच्या प्रोसेसच्या वाट्याला किती आलेत तेवढं सांगतं, टास्कसेटने नाहीतर सीग्रुपने, म्हणजे प्रोसेसना कोअर नेमून देणाऱ्या सोयींनी, कुठे बंधन घातलं असेल तर आकडा कमी येणारच, एवढंच काय, ओपनएमपीसाठी, म्हणजे एक काम अनेक कोअरवर वाटायच्या सोयीसाठी, थ्रेडची संख्या ठरवणारं एक व्हेरिएबल असतं, ते कुठे सेट करून राहिलं असेल तरी एनप्रॉक त्याचं ऐकतं. म्हणून पुढे डॅश डॅश ऑल लावून विचारलं. १. मग प्रॉक या फोल्डरमधली, प्रोसेसरची माहिती देणारी सीपीयूइन्फो फाइल उघडली. ही एरवी स्क्रोल करून बोट दुखेल इतकी लांब असते, प्रत्येक कोअरचा एक परिच्छेद, सगळे जवळजवळ शब्दशः सारखे. माझी फाइल एका स्क्रीनमध्ये मावली. प्रोसेसर, कोलन, शून्य. खाली मॉडेलचं नाव, आणि त्या नावातच चारचा आकडा ऐटीत बसलेला. मग फ्लॅग्जची ती मुंग्यांच्या रांगेसारखी ओळ, आणि संपलं. शून्याच्या परिच्छेदानंतर एकचा परिच्छेद यायला हवा, तिथे प्रॉम्प्ट.

अजून एक आशा होती. सिस नावाच्या फोल्डरच्या झाडात डिव्हायसेस, सिस्टम, सीपीयू असं आत आत जात गेलं की तीन चिमुकल्या फाइल असतात, पॉसिबल, प्रेझेंट आणि ऑनलाइन, म्हणजे असू शकतात किती, हजर किती आणि कामावर किती. एखादा कोअर कुणी मुद्दाम बंद करून ठेवला असेल तर तो हजेरीत असतो पण कामावर नसतो, त्याच्या फोल्डरमधल्या ऑनलाइन फाइलमध्ये १ लिहिलं की मुकाट्याने उठतो. मला वाटलं प्रेझेंटमध्ये शून्य ते तीन दिसेल आणि माझं काम एका ओळीत होईल. तिन्ही फाइलमध्ये नुसतं ०. रजेवर कुणी नव्हतंच, पटावरच एक नाव होतं. शेजारी कर्नल-मॅक्स नावाची चौथी फाइल, तिच्यात ८१९१. शून्यापासून मोजायचं म्हणजे ८१९२ कोअर सांभाळायच्या तयारीने बसलेलं कर्नल, लिनक्सचा गाभा, आणि हाताखाली एकटा जीव.

एक काळ असा होता की हे कर्नल आपल्यालाच विचारायचं. कर्नल स्वतः कंपाइल करायचे ते दिवस, मेन्यूकॉन्फिगचा तो निळा पडदा, बाणांच्या बटणांनी खाली खाली जायचं, आणि मध्येच "सिमेट्रिक मल्टिप्रोसेसिंग सपोर्ट" अशी ओळ यायची, म्हणजे एसएमपी, एकाहून जास्त प्रोसेसर चालवायची सोय. तिच्या मदतीत लिहिलेलं असायचं की एकच प्रोसेसर असेल तर नाही म्हणा, जास्त वेगाने चालेल. मी दर वेळी नाही म्हणायचो, जरा ठसक्यातच, दोन प्रोसेसरवाली मशीन म्हणजे सर्व्हरवाल्यांची चैन. लिनक्सला एकाहून जास्त प्रोसेसर जमायला लागले १९९६ मध्ये, २.० आलं तेव्हा, आणि तेही कसे, तर अख्ख्या कर्नलला मिळून एक कुलूप, बिग कर्नल लॉक, एका वेळी एकाने आत जायचं आणि बाकीच्यांनी दारात ताटकळायचं. नंतर आत छोटी छोटी कुलपं होत गेली, पण ते मोठं कुलूप पूर्ण निघायला २०११ उजाडलं, २.६.३९ मध्ये. मधल्या काळात आम्ही मेगाहर्ट्झ मोजणारी माणसं गिगाहर्ट्झ मोजायला लागलो होतो आणि तेही अचानक थांबलं, २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढायचा बेत सोडून दिला, चिप तापायची ती आवरेना, आणि पुढच्याच वर्षी घरगुती मशीनमध्ये एका चिपवर दोन-दोन कोअर आले. वेग विचारायचा सोडून लोक डोकी विचारायला लागले. तेव्हा काही डिस्ट्रिब्युशनमध्ये कर्नलची दोन वेगळी पॅकेज असायची, एक साधं, एक नावापुढे एसएमपी लावलेलं, आणि चुकून साधं बसलं की दोनातला एक कोअर गायब, हा त्या वेळचा ठरलेला घोळ. पण आता ते कुणी करत नाही, आताची कर्नल सरसकट सगळ्यांसाठी बांधलेली असतात. म्हणजे हेही कारण बाद.

मित्राला फोन लावला. हा माझ्यापेक्षा हार्डवेअरमधला दर्दी. त्याने आधी मनसोक्त हसून घेतलं, मग म्हणाला, "अरे, बायोसमध्ये बघ, ॲक्टिव्ह कोअर कमी करायचं सेटिंग असतं, कधीतरी हात लागला असेल." बघितलं, सगळे चालू. "बूटच्या ओळीत मॅक्ससीपीयूज किंवा नोएसएमपी असलं, कोअर कमी करणारं काही?" मी म्हटलं मी कशाला लिहीन असलं काही. "तू व्हर्च्युअल मशीनमध्ये तर बसला नाहीयेस ना?" हे त्याने गंमत म्हणून विचारलं, पण मी दोन सेकंद विचार केला, इतका माझा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. मग तो त्याच्या आवडत्या विषयावर गेला, २००९ मधल्या एएमडीच्या तीन कोअरवाल्या फेनम २ वर. ती मुळात चार कोअरची चिप, चौथा कारखान्यातच कुलूपबंद करून तीनची म्हणून विकलेली, काहींचा चौथा खरोखर बाद आणि काहींचा ठणठणीत, पुढे काही मदरबोर्डवर बायोसमधलं एक सेटिंग फिरवलं की तो जागा व्हायचा. लोक रात्र रात्र बसून ते करायचे, कुणाचं मशीन चालायचं, कुणाचं लटकायचं. "लोकांनी तीनाचे चार केले," तो म्हणाला, "आणि तू चाराचा एक केलास."

मी केलाय असं कशावरून, मी म्हटलं. तो म्हणाला, लाइव्ह यूएसबी लाव, पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालव, कळेल.

लावली. तो पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्येच होता, याच मशीनवर इन्स्टॉल करताना वापरलेला, त्यावर माझ्या अक्षरात व्हर्जन लिहिलेली चिकटपट्टी, कडा काळ्या पडलेल्या. त्यातलं जुनं कर्नल नको म्हणून त्याच्यावर नवी इमेज लिहिली, बूट केलं, एकाग्रपणे कशालाही हात न लावता टर्मिनल उघडलं. ४. इतकं सरळ उत्तर आलं की मला आधी राग आला. म्हणजे लोखंडात काही खोट नव्हती, चिप धडधाकट, बोर्ड धडधाकट, गेली तीन वर्षं ते तिघे तिथेच होते आणि खोट होती ती मी हाताने उभ्या केलेल्या सिस्टममध्ये.

परत आपल्या सिस्टममध्ये येऊन डीमेसेज, कर्नलची बूट होतानाची नोंदवही, वाचायला घेतलं, या वेळी एसएमपी शब्द शोधत न बसता पहिल्या ओळीपासून, हळूहळू. बरंच खाली गेल्यावर एपिकबद्दल, म्हणजे हार्डवेअरचे इशारे कोअरपर्यंत पोचवणाऱ्या भागाबद्दल, एक ओळ होती, की एसीपीआयचं एमएडीटी किंवा एमपी टेबल सापडलं नाही. त्याच्या आसपासच दुसरी, एसएमपी डिसेबल्ड. कुठे लाल रंग नाही, एरर नाही. दर बूटला, तीन वर्षं, कर्नल हे लिहून ठेवत होतं आणि पुढे जात होतं.

इथे जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण हे मला अर्धवटच माहीत होतं आणि त्या दिवशी नीट बसून वाचलं. बटण दाबल्यावर चारही कोअर काही एकदम कामाला लागत नाहीत. एकच उठतो, त्याला बूटस्ट्रॅप प्रोसेसर म्हणतात, बायोस तोच चालवतो, कर्नलही तोच लोड करतो. बाकीचे झोपेत नाही म्हणता येणार, हाकेची वाट बघत पडून असतात. हाक मारायची तर नावं माहीत पाहिजेत, आणि ती नावं कर्नल स्वतः चाचपडून शोधत नाही, फर्मवेअरने, म्हणजे बोर्डातच बसवलेल्या प्रोग्रॅमने, मेमरीत ठेवलेल्या यादीत बघतं. ती यादी म्हणजे एमएडीटी, एसीपीआयच्या अनेक टेबलांपैकी एक, आणि एसीपीआय म्हणजे फर्मवेअरने हार्डवेअरची माहिती कर्नलला द्यायची ठरलेली पद्धत. यादीत जितकी नावं तितक्या हाका, आधी एक इनिट, मग स्टार्टअपचा इशारा, बहुतेक वेळा दोनदा, आणि मग एकेक कोअर उठतो. उठतो तोही कसा, तर १९७८ च्या ८०८६ सारखा, सोळा बिटच्या रिअल मोडमध्ये, पहिल्या एक एमबीच्या आत ठेवलेल्या छोट्याशा कोडवर. आजची चिप, पण प्रत्येक कोअरला दर सकाळी ती सगळी वर्षं नव्याने चढावी लागतात, आधी सोळा बिट, मग बत्तीस, मग चौसष्ट, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ते होऊनही जातं. मला हे वाचून उगाच भरून आलं, का ते सांगता येणार नाही. तर, एसीपीआय वाचलंच नाही तर यादी मिळत नाही. मग कर्नल जुनं एमपी टेबल शोधतं, इंटेलच्या नव्वदच्या दशकातल्या मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशनमधलं, पण नंतरच्या कित्येक बोर्डांनी ते देणंच सोडून दिलं. दोन्ही याद्या नाहीत म्हटल्यावर कर्नल समजतं की आपण एकटेच आहोत. मशीन खराब होत नाही, अडत नाही, एकटं असल्याच्या समजुतीत व्यवस्थित चालत राहतं.

मग प्रश्न एवढाच की एसीपीआय वाचलं का नाही. प्रॉकमध्ये सीएमडीलाइन नावाची फाइल असते, कर्नलला सुरू होताना काय काय सांगितलं गेलं ते एका ओळीत. तीच ओळ डीमेसेजच्या अगदी सुरुवातीलाही येते, म्हणजे मी ती तासाभरापूर्वी वाचून पुढे गेलो होतो. वाचली होती म्हणजे नजर फिरवली होती. इमेजचं नाव, रूटचा तो लांबडा नंबर, आरओ, क्वायट, स्प्लॅश, आणि शेवटी, एसीपीआय=ऑफ.

हे मी लिहिलं होतं.

आठवलं एकदम सगळं. हे मशीन नवीन जुळवलं होतं तेव्हाची रात्र. इन्स्टॉलर चालूच होईना, भाषा निवडली की काळा पडदा, वर डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय आणि कॅप्स लॉकचा दिवासुद्धा ढिम्म. सात-आठ वेळा रीसेट केलं असेल. रॅमची एक पट्टी काढून बघितली, दुसऱ्या खाचेत घालून बघितली, मॉनिटरची केबल बदलली. पहाटे कधीतरी कुठलासा जुना उपाय आठवला, की बूट मेन्यूत ई दाबा, ओळीच्या शेवटी एसीपीआय=ऑफ लिहा. लिहिलं, आणि चाललं! तो आनंद मला अजून आठवतो, मी एकटाच खोलीत टाळी वाजवली होती. का चाललं, अडलं होतं कशामुळे, हे मी विचारलंसुद्धा नाही. पहाटे चार वाजता कोण विचारतं. आणि मला शपथेवर वाटत होतं की ते तात्पुरतं होतं, मेन्यूत ई दाबून केलेला बदल त्या एका बूटपुरताच असतो हे मी स्वतः लोकांना सांगत आलोय. पण इन्स्टॉलरच्या ओळीत तीन डॅश असतात. डेबियनच्या जातीच्या इन्स्टॉलरमध्ये त्या तीन डॅशच्या पुढे जे लिहाल ते तुम्हाला कायमचं हवं असं इन्स्टॉलर समजतो आणि बसवलेल्या सिस्टमच्या ग्रबमध्ये, म्हणजे बूट मेन्यू चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उतरवून ठेवतो. मी ओळीच्या अगदी शेवटी लिहिलं होतं. डॅशच्या अलीकडे लिहिलं असतं तर ही सगळी कथाच झाली नसती. आणि त्याची तरी काय चूक, ज्या मंत्राशिवाय इन्स्टॉल होत नाही त्याच्याशिवाय चालणारही नाही असं त्याने धरलं, शहाणपणाचंच आहे ते.

यानंतर जे एकेक आठवत गेलं ते कोअर सापडण्यापेक्षा जास्त लागलं. हे मशीन कधीच आपणहून बंद व्हायचं नाही. शटडाऊन दिलं की शेवटी काळ्या पडद्यावर "सिस्टम हॉल्टेड" येऊन थांबायचं, आणि मग मी वाकून टेबलाखालचं बटण दाबायचो. रोज रात्री. सवय अशी झाली होती की पडद्याकडे न बघता, आधी हार्ड डिस्कची ती कुर्रकन थांबणारी किरकिर ऐकू आली की हात खाली जायचा. घरातले विचारायचे तर मी सांगायचो की याची पद्धतच आहे. मशीन सस्पेंडला जायचं नाही, त्यालाही मी म्हणायचो की बोर्ड जुन्या वळणाचा आहे. पंखा कायम एकाच पट्टीत घुमायचा, काही काम नसलं तरी, कारण प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करायचा तर तेही एसीपीआयच्या टेबलांवर अवलंबून, आणि ती तर मी मिटून ठेवलेली. म्हणजे एकटा कोअर दिवसभर पूर्ण वेगात आणि उरलेले कामालाच नाहीत. प्रॉकमधली इंटरप्ट्सची, म्हणजे हार्डवेअरचे इशारे कोण पोचवतं त्याची, फाइल बघितली तर तिथे प्रत्येक ओळीत एक्सटी-पिक, आयओ-एपिकचं नाव नाही, हे म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या पीसीची वायरिंग. चार-पाच लक्षणं, सगळी ढळढळीत, आणि मी प्रत्येकाचा वेगळा स्वभावदोष म्हणून संसार थाटला होता. एखाद्या दाराला कडी लागत नाही म्हणून विटेचा तुकडा लावून ठेवावा आणि पुढे त्या विटेलाच कडी म्हणावं तसं. बटण दाबण्यात तर मला थोडी आपुलकीही वाटायची, हे आता कबूल करायला काय हरकत आहे.

ते एसीपीआय=ऑफ काढताना मात्र हात थरथरला. कारण तो उपाय मला माहीत होता, रोग कधी कळलाच नव्हता. काय सांगावं, काढलं आणि परत तोच काळा पडदा आला तर. म्हणून या वेळी खरोखर तात्पुरतं केलं, ग्रबमध्ये ई, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जाऊन बॅकस्पेस, एकेक अक्षर, मग एफ-१०. पडदा काळा झाला. एक सेकंद, दोन, तीन. पंख्याचा आवाज आधी चढला आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदा, खाली आला. इतका खाली की मला वाटलं बंद पडलं. आणि मग लॉगिनची खिडकी. मधल्या वर्षांत कर्नल किती वेळा बदललं, त्यातल्या कुठल्यातरी अपडेटने मूळचा आजार केव्हाच बरा करून टाकला असणार, मी औषध घेतच राहिलो. डीमेसेजमध्ये आता चार सीपीयू ब्रॉट अप, पॉसिबलमध्ये ०-३. इटीसीच्या डिफॉल्टमधली ग्रबची फाइल उघडून तिथूनही तो शब्द पुसला, सुडो लावून अपडेट-ग्रब, आणि परत एकदा रीबूट, खात्रीसाठी. भाचीला हाक मारली. चार पट्ट्या बघून ती म्हणाली, "कुठे होते?" मी सांगायला लागलो, बूटस्ट्रॅप प्रोसेसर, यादी, हाका वगैरे, ती मध्येच म्हणाली, "म्हणजे तू बोलावलंच नव्हतंस."

त्या रात्री शटडाऊन दिलं. किरकिर थांबली, माझा हात खाली गेला, आणि बोट पोचायच्या आत बटणावरचा निळा दिवा विझला. मी तसाच वाकलेला.

वेगाचं म्हणाल तर अर्धं खरं अर्धं खोटं. टाइप करताना काही फरक नाही, टर्मिनल तसंच, मेल तसंच. जे काम एकामागून एकच होतं ते एकानेच करायचं, बाकीचे तीन उभे राहून बघणार, जीन अमडालने १९६७ मध्येच सांगून ठेवलंय की कामाचा नुसता ५ टक्के भाग असा अडून असेल तरी प्रोसेसर कितीही लावा, वीसपटीच्या वर जात नाही. पण तोच व्हिडिओ, जो आदल्या दिवशी पाऊण तास घेत होता, तो बारा-तेरा मिनिटांत झाला, चारी पट्ट्या काठोकाठ. कंपाइल करताना मी कायम मेकपुढे जे-४ लावत आलोय, म्हणजे एका वेळी चार कामं चालव, चार कोअर आहेत म्हणून, आणि ती चार कामं इतकी वर्षं एकाच दारातून ढकलाढकली करत जात होती. हे सगळं बघताना आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्या पाठोपाठ मी तीन वर्षांत दिलेले निकाल आठवायला लागले. हल्लीचे ब्राऊझर जड झालेत. तो अमुक व्हिडिओ एडिटर म्हणजे नुसता डोलारा. ॲनिमेशन बंद करा, हलका डेस्कटॉप घ्या, मी घेतलाय. हे मी चारचौघांत छाती ठोकून सांगितलंय, अनुभवाने सांगतो असं म्हणून. अनुभव होताच, पण तो एका कोअरचा होता आणि मी तो चारचा म्हणून वाटला. आता ती एकेक मतं परत काढून तपासायची म्हणजे, तो एडिटर परत बसवला तर बराच चांगला निघाला, ब्राऊझर मात्र खरंच जड आहेत, तिथे मी ठाम आहे.

सगळ्यात अवघड गोष्ट मित्राची. त्याला मी फोनवर सगळं सांगितलं, तीन डॅशपर्यंत, तो ऐकत होता, हसत होता, आणि मला मध्येच आठवलं की गेल्या वर्षी त्याने मशीन घेताना मला विचारलं होतं, कोअर किती घेऊ. तो माझ्यापेक्षा दर्दी, तरी विचारलं, कारण लिनक्सवर रोज काम मी करतो. आणि मी त्याला सांगितलं होतं, जास्त कोअरच्या नादी लागू नकोस, माझ्याकडे चार आहेत, काही जाणवत नाही. त्याने दोनवालं घेतलं. मी बोलायचा थांबलो. तोही थांबला, म्हणजे त्यालाही नेमकं तेच आठवलं असावं. मग म्हणाला, "थांब जरा." पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कीबोर्डचा, सहा-सात अक्षरं आणि एंटर. मी फोन कानाला घट्ट धरून बसलो.

"दोन," तो म्हणाला.

मी श्वास सोडला.